मातीचा किल्ला, खरी मुलं: वडगावच्या एका गल्लीतलं थरांचं छायाचित्र

बेळगावच्या वडगाव भागातली एक अरुंद गल्ली. दिवाळीत घराच्या भिंतीला टेकून मुलांनी मातीचा किल्ला केला. तळ ५ फूट बाय ४ फूट, उंची ७५ सेंटिमीटर. महादरवाजा १० सेंटिमीटरचा, पुढे चढणीची वाट, वर दोन बुरूज आणि बालेकिल्ला. मुलांची मागणी एकच होती. किल्ल्याच्या वाटेवर आणि बुरुजावर मातीच्या मावळ्यांऐवजी आपण स्वतः उभे दिसलो पाहिजे, आणि मागे गल्लीतल्या घराची भिंत नको, बेळगावजवळच्या राजहंसगडाचा परिसर हवा. "आमचा किल्ला खरा दिसाय पाहिजे."

मुलांनी आधी मोबाइलवर जुळवून पाहिलं होतं. एका ॲपने मुलांच्या मागची पार्श्वभूमी खोडली, किल्ल्याच्या फोटोवर मुलं बसवली, मागे इंटरनेटवरचा डोंगर लावला. कडा बऱ्यापैकी स्वच्छ कापल्या गेल्या होत्या, तरी चित्र जमलं नाही. किल्ला उभ्या माणसाच्या नजरेतून, वरून खाली बघत टिपलेला. मुलं छातीच्या उंचीवरून, दोन मीटरवरून. डोंगर दुपारच्या उन्हातला, किल्ला निळ्या ताडपत्रीखालचा. म्हणजे एका चित्रात तीन नजरा आणि तीन उजेड. अशा चित्रात कात्री कितीही बारीक चालवली तरी बघणाऱ्याला काहीतरी चुकतंय हे पहिल्या क्षणी कळतं. काय चुकतंय ते त्याला सांगता येत नाही, एवढंच.

या प्रकरणातून आमचा जो मुद्दा पक्का होतो तो असा: थरांच्या छायाचित्रात, म्हणजे वेगवेगळे फोटो एकावर एक थरांसारखे जोडून केलेल्या चित्रात, कल्पना एकच असावी आणि तिच्याभोवतीचं बाकी सगळं कसोशीने खरं असावं. इथे कल्पना म्हणजे मुलांचा आकार. बाकी नजरेची उंची, अंतर, उन्हाची दिशा, सावलीची लांबी, मातीचा रंग, या कशातही सूट घ्यायची नाही. आणि यातलं जवळजवळ सगळं कॅमेऱ्याशी ठरतं, संगणकावर नाही.

माप आधी ठरवा

सुरुवात प्रमाणापासून. १३० सेंटिमीटर उंचीचं मूल किल्ल्यावर ६.५ सेंटिमीटरचं दिसायचं असेल तर प्रमाण १ ला २० होतं. १० सेंटिमीटरचा दरवाजा मग २ मीटरचा ठरतो, म्हणजे मूल त्यातून सहज आत जाईल. बाजारातले मातीचे मावळे बरेचदा याहून लहान असतात. त्यांच्या मापाने १ ला ३० धरता आलं असतं, पण छापील चित्रात मुलांचे चेहरे ओळखू आले नसते. १ ला २० मध्ये चेहरा अंतिम फाइलमध्ये सुमारे ५० पिक्सेल उंच येतो. घरच्यांना आपलं पोर ओळखायला तेवढा पुरतो, त्याहून कमी केला तर नाही.

एकदा २० हा आकडा ठरला की पुढचं गणित सोपं आहे: किल्ल्याशी जे जे अंतर, ते ते मुलांच्या फोटोत २० पट.

किल्ल्यासमोर कॅमेरा असा लावला: भिंग जमिनीपासून ३५ सेंटिमीटर, किल्ल्याच्या मध्यापासून दीड मीटर. एपीएस-सी सेन्सर, २४ मेगापिक्सेल, किट लेन्स २४ मिलिमीटरवर. त्याहून मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवर हेच ३६ मिलिमीटर होईल. कॅमेरा अगदी समतल, ना वर ना खाली झुकलेला. दीड मीटरवर या लेन्सला उभ्यात जवळजवळ ९८ सेंटिमीटर दिसतं, म्हणजे भिंगाच्या वर ४९ आणि खाली ४९. किल्ल्याचं ७५ सेंटिमीटरचं टोक फ्रेममध्ये मावतं आणि वर थोडं आकाशही राहतं.

समतल ठेवण्याचा फायदा मोठा आहे. कॅमेरा समतल असला की क्षितिज फ्रेमच्या बरोबर मध्यावर येतं. पार्श्वभूमीचा फोटोही समतल आणि त्याच फोकल लेंग्थवर (लेन्सच्या त्याच मिलिमीटरवर) घेतला की दोन्ही क्षितिजं आपोआप एकावर एक बसतात, ताणाताणी करावी लागत नाही. ट्रायपॉडचा बुडबुडा किंवा कॅमेऱ्यातलं लेव्हल इथे तासाभराचं संगणकावरचं काम वाचवतं.

३५ सेंटिमीटर या उंचीमागेही विचार आहे. २० ने गुणलं की ती ७ मीटर होते, दोन मजली घराच्या गच्चीइतकी. त्यामुळे खालची वाट जराशी वरून दिसते आणि बुरूज मान वर करून पाहावा लागतो. किल्ल्याला दरारा येतो तो या वर पाहण्यातून. दीड मीटरवरून, उभ्याने घेतलेल्या फोटोत किल्ला नेहमी खेळणं दिसतो, कारण १ ला २० च्या हिशेबात ती नजर ३० मीटर उंचीवरची असते.

मुलांचे फोटो

वाटेवरची जागा भिंगापासून १२० सेंटिमीटर लांब आणि भिंगाच्या २० सेंटिमीटर खाली होती. म्हणजे मुलं कॅमेऱ्यापासून २४ मीटरवर आणि त्यांचे पाय भिंगाच्या ४ मीटर खाली हवेत. पहिल्या मजल्यावरची गच्ची साधारण ३ ते सव्वातीन मीटरवर असते. त्यावर ट्रायपॉड ८०-९० सेंटिमीटर उंच केला की ४ मीटर भरतात. मुलं समोरच्या मोकळ्या जागेत. अंतर टेपने मोजावं, पावलांनी नाही. मूल हे वाटेच्या ज्या टप्प्यावर उभं राहणार आहे त्या टप्प्याचं माप वेगळं असेल तर अंतरही वेगळं घ्यावं.

लेन्स इथे ५५ मिलिमीटरला पुरते. २४ मीटरवरचं १३० सेंटिमीटरचं मूल फाइलमध्ये सुमारे ७६० पिक्सेल येतं आणि किल्ल्यावर बसवताना ते ३४० पिक्सेलपर्यंत लहान करावं लागतं. लहान करणं केव्हाही चांगलं, कडेवरच्या बारीक चुका त्यात विरून जातात. मोठं करायची वेळ येता कामा नये.

बुरुजावरच्या मुलांचं गणित उलटं आहे. बुरूज ७० सेंटिमीटरवर, म्हणजे भिंगाच्या ३५ सेंटिमीटर वर आणि दीड मीटर लांब. तंतोतंत करायचं तर मुलं ७ मीटर उंच आणि ३० मीटर लांब हवीत. गल्लीत तेवढी जागा मिळत नाही. म्हणून कोन जपला आणि अंतर कमी केलं: मुलं पहिल्या मजल्याच्या गच्चीवर, भिंग जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, अंतर १३ मीटर. पायाशी १३ अंशांचा कोन तोच राहतो, डोक्याशी तो सुमारे ३ अंशांनी जास्त येतो, हनुवटीखालचा भाग किंचित जास्त दिसतो. ही तडजोड चालते, कारण गच्चीचा कठडा आणि बुरुजाचा तट दोन्ही कमरेखालचं झाकतात. हीच तडजोड वाटेवरच्या, पूर्ण दिसणाऱ्या मुलासाठी केली असती तर पाय जमिनीवर टेकलेच नसते. गच्चीच्या कठड्याजवळ मुलं उभी करताना मोठं माणूस वर हजर हवंच. मुलांनी कठड्यावर चढायचं नाही, त्याच्या मागे उभं राहायचं.

ड्रोनचा विचार सुचतो. पण बेळगावात सांबरा विमानतळ आहे, लष्कराची हद्द आहे, आणि ४ मीटर उंचीसाठी परवानग्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

मुलं कुठे उभी करायची हे जागेच्या सोयीवरून ठरवू नये, जमिनीच्या रंगावरून ठरवावं. चार मीटर वरून पाहताना मुलांच्या मागे जमीनच दिसते. हिरवळीवर उभं केलं तर पांढऱ्या सदऱ्यावर, धोतरावर आणि हनुवटीखाली हिरवी झाक चढते आणि ती पुसून काढणं फार जिकिरीचं असतं. किल्ला खानापूरकडच्या तांबड्या मातीचा होता, म्हणून मुलंही तांबड्या मातीवर. मग पायाशी चढलेली तांबूस झाक खोडायची नसते, जपायची असते. कापताना कडेला मागच्या मातीचे दोन पिक्सेल राहिले तरी किल्ल्याच्या मातीत ते मिसळून जातात. काळ्या मातीच्या अथणी-गोकाक भागात हेच करायचं तर किल्ला आणि मैदान दोन्ही काळ्या मातीचे घ्यावेत. तांबड्या मातीवरचं मूल काळ्या किल्ल्यावर कधीच बसत नाही.

डोक्याला पगडी किंवा फेटा असला की मोकळे केस कापण्याची कटकट वाचते. कपाळावरच्या चार बटांसाठी अर्धा दिवस घालवण्यापेक्षा पगडी नीट बांधावी.

ऊन

नोव्हेंबरच्या सुरुवातीला बेळगावात दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून साधारण २० अंशांवर असतो. सावली उंचीच्या पावणेतीन पट पडते. पाव तासात सूर्य १७ अंशांखाली उतरतो आणि सावली सव्वातीन पट होते. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या मुलाच्या फोटोत पाव तास गेला तर शेजारी शेजारी उभ्या दोघांच्या सावल्या वेगळ्या लांबीच्या येतात. सगळी मुलं दहा मिनिटांत उरकावीत. जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला.

साडेचारचा सूर्य त्या दिवसांत पश्चिमेच्या जरा दक्षिणेला असतो, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे २४६ अंश. ऊन डावीकडून आणि किंचित कॅमेऱ्याच्या मागून यावं असं ठरलं होतं, म्हणजे मुलापासून पाहिलं तर कॅमेरा आणि सूर्य यांच्यात ७० अंश. त्यासाठी कॅमेऱ्याचं तोंड जवळजवळ थेट उत्तरेला येतं. फोनमधल्या होकायंत्राने हे बघता येतं. पार्श्वभूमीलाही हाच नियम. राजहंसगड फ्रेममध्ये हवा तर गडाच्या दक्षिणेकडच्या शिवारातून, साडेचारला, उत्तरेकडे बघत. कुठून गड जास्त देखणा दिसतो हा प्रश्न त्यानंतरचा. फोटो आडवा उलटवून ऊन हव्या बाजूला आणण्याचा मोह टाळावा. बेळगावकरांना गडाची रेघ पाठ आहे, उलटी झालेली लगेच ध्यानात येते.

पार्श्वभूमी दोन मजली घराच्या गच्चीवरून, भिंग ७ मीटरच्या आसपास ठेवून, २४ मिलिमीटरवर समतल. हे ७ मीटर सोडून दिले आणि शेताच्या बांधावर उभं राहून फोटो घेतला तर क्षितिज जुळेल, पण जमीन जुळणार नाही. दीड मीटरवरून शेत एका पट्टीत दबलेलं दिसतं, ७ मीटरवरून ते पसरतं. किल्ला त्या दबलेल्या पट्टीवर ठेवला की तो जमिनीत रुतल्यासारखा किंवा हवेत तरंगल्यासारखा वाटतो. त्या दिवसांत या पट्ट्यात भातकापणी चालू असते. कापलेल्या भाताचं खुंटाचं शेत हे किल्ला ठेवायला उत्तम: सपाट, एका पोताचं, आणि कडा लपवायला सोपं. फ्रेममध्ये पाट्या, झेंडे, फलक येणार नाहीत असं शिवार निवडावं. सीमाभागात मागच्या फलकावरची भाषा आधी वाचली जाते आणि मुलांचा किल्ला राहतो बाजूला.

आता गल्लीतला किल्ला. साडेचारला तिथे ऊनच पोचत नाही, समोरच्या घराची सावली असते. वर निळी ताडपत्री, तिच्यातून गाळून आलेला उजेड सगळ्या मातीला निळसर करतो. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंगांचा समतोल बदलून, निळेपणा कमी होतो, पण तांबड्या मातीचा रंग परत येत नाही, ती करडी राहते. म्हणून ताडपत्री पूर्ण काढली आणि ऊन फ्लॅशने तयार केलं.

इथे एक नेमकी गोष्ट उपयोगी पडते. आकाशात सूर्याची चकती साधारण अर्ध्या अंशाची दिसते आणि सावलीच्या कडेचा टोकदारपणा त्यावरून ठरतो. साध्या फ्लॅशचं तोंड ६-७ सेंटिमीटर रुंद असतं. तो ६ मीटरवर ठेवला की किल्ल्यावरून तोही ०.६ अंशाचा, म्हणजे जवळपास सूर्याएवढा दिसतो. सावल्यांची कड हुबेहूब उन्हासारखी पडते. छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावला तर सावली मऊ होते आणि किल्ला दुकानाच्या काचेआडचा वाटू लागतो.

६ मीटरचं दुसरं कारणही तेवढंच महत्त्वाचं. दिवा जवळ असला की उजेड झपाट्याने ओसरतो. २ मीटरवर ठेवलेल्या फ्लॅशमध्ये दीड मीटर रुंद किल्ल्याच्या डाव्या आणि उजव्या टोकात सव्वादोन स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). ६ मीटरवर तो पाऊण स्टॉपच्या आत येतो आणि उरलेला कर्व्ह्जच्या (संगणकावर उजेड-अंधार कमीजास्त करायचं साधन) तिरप्या ग्रेडियंटने, म्हणजे हळूहळू ओसरत जाणाऱ्या बदलाने, सारखा करता येतो. खरं ऊन डोंगराच्या एका टोकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त पडत नाही. गल्ली अरुंद असली तरी लांब असते, ६ मीटर लांबीत मिळतात. वाटेपासून फ्लॅशची उंची २.२ मीटर ठेवली की कोन २० अंश. फ्लॅशचं हेड झूम १०५ वर म्हणजे झोत अरुंद, ताकद अर्धी, पुढे फिकट नारिंगी जिलेटिन.

सावलीतला उजेड भरण्यासाठी दुसरा दिवा लावलेला नाही. सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी आकाशाचा जो सारखा निळसर उजेड असतो, तोच खऱ्या उन्हाच्या सावलीतला उजेड. मुलांच्या फोटोत पांढऱ्या सदऱ्याची उजेडातली आणि सावलीतली बाजू मोजली होती, फरक अडीच स्टॉपच्या आसपास. शटर कमीजास्त करून किल्ल्यावर तेवढाच फरक आणला. फ्लॅशवर शटरचा परिणाम होत नाही, आकाशाच्या उजेडावर होतो. पण संध्याकाळ भराभर काळवंडते, म्हणून सगळं आधी मांडून, सराव करून, मग त्या पाच-सात मिनिटांत फोटो घ्यावे लागतात. मुलांचे फोटो आधी आणि किल्ल्याचा नंतर हा क्रम याच कारणासाठी. ऊन आपल्या हातात नाही, फ्लॅश आहे.

किल्ल्याची माती

१ ला २० मध्ये १ मिलिमीटरचा कण २ सेंटिमीटरचा खडा होतो. कॅमेऱ्याजवळच्या भागावर चाळलेली बारीक माती हवीच. गोणपाट चिखलात बुडवून उतार केला असेल तर सुतळीची वीण कुठे दिसते का ते बघावं. डोळ्याला दिसत नाही, तिरप्या उजेडात लखकन दिसते. तिथे पातळ चिखलाचा आणखी एक हात द्यावा. वाळताना पडलेली २ मिलिमीटरची भेग ४ सेंटिमीटरची होते, ती चालते, उलट जुन्या तटाला शोभते. पाणी शिंपडून लगेच फोटो मात्र घेऊ नये, ओली माती चकाकते आणि थेंबाला प्रमाण नसतं. थेंब हा थेंबच दिसतो.

उगवणीसाठी मोहरी आणि अळीव सगळीकडे पेरतात. मोहरीचं गोल पान १ सेंटिमीटरचं असलं तरी २० सेंटिमीटरचं दिसतं आणि गडावर असं झाड कुणी पाहिलेलं नसतं. नाचणीची पाती बारीक, तिचं गवत बरोबर वाटतं. वाटेवर पांढरी रांगोळी टाकलेली होती. फ्लॅशमध्ये ती पूर्ण जळून सपाट पांढरी झाली असती, म्हणून तिच्यात अर्धी बारीक माती मिसळली.

फोकस हे मोठं दुखणं. २४ मिलिमीटर, एफ/८ वर (भिंगाच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) १.२ मीटरला फोकस केलं तर जवळून बघायच्या छापाच्या हिशेबात १ ते १.४५ मीटरपर्यंतचंच टोकदार येतं. किल्ला ०.९ ते २.१ मीटरपर्यंत पसरलेला. मागचा बालेकिल्ला पुसट झाला की बघणाऱ्याला लगेच कळतं की वस्तू लहान आहे. एफ/२२ करून भागत नाही, एवढ्या लहान छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळंच मऊ होतं. म्हणून एफ/८, आयएसओ २००, मॅन्युअल फोकस पुढून मागे सरकवत सहा फ्रेम, आणि नंतर फोकस स्टॅकिंग, म्हणजे प्रत्येक फ्रेममधला टोकदार भाग घेऊन एकच चित्र जोडणं. फ्लॅश भरायला चार-पाच सेकंद लागतात, त्यामुळे सहा फ्रेम अर्ध्या मिनिटात होतात. त्याहून जास्त वेळ गेला तर आकाशाचा उजेड बदललेला असतो आणि जोडलेल्या चित्रात पट्टे येतात.

या सगळ्यात सर्वात जास्त कामाची वस्तू म्हणजे काड्यापेटीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या. बरोबर ६.५ सेंटिमीटर उंच, सव्वा सेंटिमीटर रुंद, पांढरा कागद चिकटवलेल्या. जिथे जिथे मूल येणार तिथे एकेक पट्टी उभी करून एक फ्रेम घेतली, मग पट्ट्या काढून कोऱ्या किल्ल्याची मालिका. पट्टीवाली फ्रेम संगणकावर सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते. मूल किती पिक्सेल उंच, पाय नेमके कुठे टेकतात, सावली कुठल्या पायरीवर मोडते, तटाची सावली कुणाच्या गुडघ्यापर्यंत येते. पांढऱ्या कागदाच्या खालच्या बाजूला मातीची किती तांबूस झाक पडते तेही तिथेच वाचता येतं. पट्ट्या न लावता घेतलेला किल्ला अंदाजाने भरावा लागतो, आणि सावलीचा अंदाज फार क्वचित बरोबर येतो.

थर

सॉफ्टवेअर कुठलंही चालतं. फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ सालापासून आहेत. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० मध्ये फिल्टरही मूळ चित्र न बिघडवता लावता येतात, त्यामुळे पैसे खर्च न करता हे काम पूर्ण होतं. सगळे फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), एकाच व्हाइट बॅलन्सवर उघडलेले, १६ बिट. २४ मेगापिक्सेलचा १६ बिटचा एक थर सुमारे १४० एमबी घेतो. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सहा फोकस फ्रेम आणि बाकी सगळं एकाच फाइलमध्ये ठेवलं तर मशीन अडकतं. आधी फोकसच्या फ्रेम जोडून एक थर करावा, मग पुढचं. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली फाइल या कामाला घेऊ नये. ती दाबून लहान केलेली असते, कडेभोवतीचे चौकोन कापताना पुढे येतात. पेनड्राइव्ह किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली मूळ फाइल.

सर्वात खाली शिवार आणि आकाश. त्यावर किल्ल्याची जमिनीवर पडलेली सावली. ही सावली रंगवायची नाही. किल्ल्याभोवतीची गल्लीतली जमीन झाडून, माती अंथरून सपाट केली होती, तिथली खरी सावली उचलून मल्टिप्लाय मोडमध्ये (ज्यात वरचा थर खालच्याला फक्त गडद करतो) शेतावर बसवली. १५ मीटरच्या किल्ल्याची सावली २० अंशांच्या उन्हात ४० मीटरांच्या पुढे जाते, फ्रेमच्या बाहेर गेली तरी हरकत नाही. त्यावर किल्ला, तळाच्या कडेला खुंटांचा आणि मातीचा मास्क (थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारा पडदा). इथे बहुतेक जण धुकं ओततात. आमच्या मते ते चूक आहे. साडेचारच्या कडक उन्हात तळाशी धुकं नसतं, आणि १ ला २० मध्ये किल्ल्याचं मागचं टोक कॅमेऱ्यापासून जेमतेम ४० मीटरवर आहे, एवढ्या अंतरात हवा फिकट होत नाही. भातकापणीची धूळ मात्र असते. मातीच्या रंगाचा, ५-६ टक्के ओपॅसिटीचा (अपारदर्शकतेचा), जमिनीलगतचा पातळ थर पुरे.

मुलं प्रत्येकी वेगळ्या थरावर, आणि त्यांची सावलीही वेगळ्या थरावर. सावलीचे दोन भाग करावे लागतात. एक लांब पडलेली, जी मैदानातून मुलाबरोबरच आणली आणि पायऱ्यांवर वार्पने (चित्र वाकवायच्या साधनाने) मोडून घेतली. दुसरी, पायाच्या तळव्याला चिकटलेली, दोन-तीन पिक्सेलची गडद रेघ. ती दिसतसुद्धा नाही, पण ती नसली की मूल तरंगतं. आधीच्या मोबाइलवाल्या चित्रात एकाही मुलाला ती नव्हती. सावलीचा रंग काळा घेऊ नये. शेजारच्या तटाच्या खऱ्या सावलीतून रंग उचलावा, तो निळसर तपकिरी निघतो.

७६० वरून ३४० पिक्सेलवर आणलेलं मूल किल्ल्यापेक्षा जास्त टोकदार आणि जास्त गुळगुळीत होतं, कारण लहान करताना ग्रेन, म्हणजे फोटोतला बारीक रवाळपणा, विरतो. दोन्ही दुरुस्त्या लागतात. अर्ध्या पिक्सेलचा गॉशियन ब्लर (चित्र किंचित मऊ करणारा फिल्टर) फक्त मुलांवर, आणि सर्वात शेवटी पूर्ण चित्रावर एकच दीड टक्क्याचा ग्रेन. ग्रेन प्रत्येक थरावर वेगळा टाकला तर थर पुन्हा सुटे दिसायला लागतात.

तपासणीसाठी वर दोन तात्पुरते थर ठेवले. एक पूर्ण काळा-पांढरा करणारा: रंग गेले की कुणाचा काळा जास्त काळा आहे ते दिसतं. इथे बुरुजावरच्या एका मुलाचा कमरबंद तटाच्या सर्वात खोल सावलीपेक्षा गडद निघाला, तो कर्व्ह्जने उचलला. दुसरा, नागमोडी कर्व्ह असलेला, जो जवळजवळ सारखे वाटणारे टोन फाडून वेगळे दाखवतो. आकाशाच्या कडेला राहिलेला चौकोन त्याने पकडला. मग चित्र पडद्यावर २५ टक्के आकारात, आडवं उलटवून पाहिलं. चूक असेल तर उलट्या चित्रात डोळा तिथेच अडखळतो.

तटाचे दात, दरवाज्यावरची वेडीवाकडी कमान, एका बुरुजाचा खचलेला कोपरा, हे सगळं तसंच ठेवलं. एआयला सांगून तट नीटनेटका करून घेता येतो, पण तो मग त्या मुलांचा किल्ला राहत नाही. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांत जिवंत माणसं उभी करून देखावा करतात. तिथे लाकूड आणि कापड दिसतं म्हणून देखावा कुठे कमी पडत नाही. मुलांच्या हातची माती दिसायलाच हवी.

छाप

१६ बाय २४ इंची फोटो पेपरवर ६००० पिक्सेलची फाइल २५० डीपीआयने (इंचाला २५० पिक्सेल) उतरते, मूल साडेतीन सेंटिमीटरचं, चेहरा ५ मिलिमीटरचा. गल्लीच्या तोंडाला फ्लेक्सही लावायचा होता. फ्लेक्सवर सावल्या भरून जातात आणि तांबडी माती तपकिरी होते. त्यासाठी वेगळी प्रत केली: सर्वात गडद भाग २५५ पैकी १५ च्या खाली जाऊ दिला नाही, मातीचा लाल रंग किंचित वाढवला, आणि मशीनवाल्याकडे पूर्ण फ्लेक्सच्या आधी एक फूट रुंदीची पट्टी छापून घेतली. पट्टीत बुरुजाची सावली आणि एक चेहरा दोन्ही यायला हवेत, नुसतं आकाश छापून काही कळत नाही.

फ्लेक्सवर मुलांचे चेहरे जाणार म्हणून प्रत्येक घराची संमती आधी घेतली, आणि खालच्या कोपऱ्यात वाचता येईल अशा अक्षरांत "अनेक छायाचित्रं जोडून तयार केलेलं चित्र" असं लिहिलं. गडाचा खरा परिसर मागे असल्यामुळे तिथे असा किल्ला आहे असं कुणाला वाटू नये. थरांची मूळ फाइल, पट्टीवाली फ्रेम आणि मापांचा कागद मंडळाकडे दिला आहे. तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडतात. बुरुजाची मापं नंतर घ्यायची म्हटली तर मिळत नाहीत.